खंडेनवमीनंतरची सुगी

फौजेतल्या रडार-दुरुस्तीच्या नोकरीतून कायमचा घरी आलो, त्याच आठवड्यात चुलत्यांनी मला बांधावर नेलं आणि विचारलं, रडारला जमिनीखालचं पाणी दिसतं का. आमच्या बोअरला पाणी लागत नव्हतं आणि पाणाड्यानं दाखवलेली जागा कोरडी निघाली होती. मी म्हणालो, तात्या, रडार जमिनीत बघत नाही, आभाळात बघतं.

"आभाळात काय ठिवलंय?" ते म्हणाले. "आभाळातलं आमाला बी दिसतंय की."

माझ्या सगळ्या नोकरीचा निकाल त्यांनी असा बांधावर उभ्या उभ्या लावला. पण गावाचा रडारवरचा विश्वास काही उडाला नाही. शेजारच्या आजीची शेळी हरवली तेव्हा तिनं आधी मला गाठलं, मग शेळी शोधायला गेली. कुणी टीव्ही आणला, कुणी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, एकानं तर लग्नातल्या बँडचा स्पीकर आणला. मी सगळं दुरुस्त करून दिलं. दुसरं काम नव्हतं, आणि नाही म्हणायची सवय फौजेनं लावली नव्हती.

आमच्याकडं फौजी रिटायर झाला की तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. सासऱ्यांनी पुण्यातल्या एका बँकेत ओळखीच्या माणसाकडं शब्दही टाकून ठेवला होता. मला बंदुकीचं वावडं नाही, पण ओळखही फारशी नाही. फायरिंगच्या दिवशी ती हातात यायची, माझ्या गोळ्या टार्गेट सोडून बाकी सगळीकडं लागायच्या आणि उस्ताद कपाळावर हात मारून घ्यायचा. एरवी माझ्या हातात मीटर, पकड आणि सोल्डरिंगचं यंत्र. रडारचं लोखंडी कपाट उघडायचं, त्यातली साठलेली वीज अर्थिंगच्या दांड्यानं आधी काढून टाकायची, मगच आत हात घालायचा. मशीन बिघडलेलं असो की ठणठणीत, रोज सकाळी उघडून, पुसून, तपासून सही करायची. हे सोडून पुण्यात दारात उभं राहायचं, या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

पण खरी अडचण माझ्या डोक्याची नव्हती, मुलीची होती. ती तेव्हा आठवीत होती. माझी बदली झाली की तिचीही शाळा बदलायची. एका शाळेत पंजाबी शिकायला लागायची तोवर दुसऱ्या शाळेत आसामीची पाटी दिसायची. रिटायर झाल्यावर आम्ही कळंबला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिला तिथल्या शाळेत घातलं. बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं की आता वेगळं राहायचं नाही, पुणं तर पुणं, पण तिघं एकत्र. मुलीनं आपलं म्हणणं एक दिवस जेवताना मांडलं.

"पप्पा, मी दहावीपर्यंत ही शाळा सोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय करायचं ते बघा."

ती हट्ट करणारी मुलगी नव्हती. म्हणूनच मला ते टाळता येईना. दोघींचं म्हणणं एकत्र केलं तर उरत होतं एवढंच, की मला काम इथंच, जिल्ह्यातच मिळायला हवं होतं.

मग सुरू झाल्या मुलाखती. त्या का फसायच्या ते मला पहिल्या दोन-तीन वेळा कळलंच नाही. समोरचा साहेब विचारायचा, कोणत्या रडारवर काम केलं. मी म्हणायचो, ते सांगता येत नाही सर. बरं, त्यात कोणते भाग दुरुस्त केले? तेही सांगता येत नाही. कुठं होतात? सीमेजवळ. कोणत्या सीमेजवळ? सीमेजवळच, सर. एका साखर कारखान्यातला इंजिनिअर शेवटी हसून म्हणाला, तुम्हाला नेमकं काय येतं ते तरी सांगा. मी ताठ बसून म्हणालो, सगळं येतं सर. त्यानं चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याच्या जागी मी असतो तर चहासुद्धा पाजला नसता.

कळंबातल्या ज्या माणसानं मला काम दिलं, त्यानं यातलं काहीच विचारलं नाही. पूर्वी त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. मग त्यानं दवाखान्यांना लागणाऱ्या मशिनी विकायची आणि दुरुस्त करायची एजन्सी काढली. एक्स-रेची मशीन, रक्त तपासायची मशीन, नवजात बाळाला ऊब देणारी पेटी, असं सगळं. दुकानात एक मेलेलं एक्स-रे मशीन पडलं होतं. मला म्हणाला, बघा उठतंय का. मी सवयीनं आधी अर्थिंगचा दांडा मागितला. तो त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. मग तारेचा तुकडा आणि झाडूची काठी यांच्यातून मी एक तयार केला, आणि दुपारपर्यंत मशीन उठलं. रडार आणि एक्स-रे यांची भाऊबंदकी आहे. दोन्हीच्या पोटात तीच जीवघेणी वीज, आणि दोन्ही डोळ्याला दिसत नाही ते दाखवतात.

मालक खूश झाला, पण हुरळला नाही. "दिवाळीपतुर बघू, फौजी," तो म्हणाला. "जमलं तर ऱ्हावा. न्हाय जमलं तर राम राम."

मी घरी येऊन दिवाळीपर्यंतचा शब्द मिळाल्याचं सांगितलं. बायको म्हणाली, चला, निदान दिवाळी इथं. मुलगी कॅलेंडर काढून दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजायला लागली.

आता मोटारसायकलवर पाना-पकडींची पिशवी बांधून मी जिल्हाभर हिंडायला लागलो. सास्तूरकडं जायचं असलं की मला आवडायचं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रांगेत घरं, सरळ रस्ते. बैलगाडीसुद्धा तिथं काटकोनात वळते. मला उगाचच छावणीत आल्यासारखं वाटायचं आणि पाठ ताठ व्हायची. बाकी ठिकाणी माझी फजितीच जास्त. डॉक्टरांनी अकराला बोलावलं की मी पावणेअकराला दारात हजर, आणि डॉक्टर साडेबाराला. काम संपलं की मी पाय जुळवून सांगायचो, मशीन सर्व्हिसेबल आहे सर. फौजेत याचा अर्थ, ठणठणीत. एक डॉक्टर घाबरून म्हणाले, म्हणजे अजून सर्व्हिसिंग बाकी आहे का?

सगळ्यात मोठा घोळ व्हायचा तो चालू मशीन उघडण्यावरून. फौजेची शिकवण अशी, की चालू आहे तेव्हाच उघडून बघा, बंद पडल्यावर काय कुणीही बघतो. त्यामुळं एका दवाखान्यातलं काम संपलं की मी शेजारचं दुसरं मशीनही उघडायला घ्यायचो. लोहाऱ्याकडच्या एका दवाखान्यात मी असंच रक्ताचं मशीन उघडून धूळ काढली. आठ दिवसांनी ते बंद पडलं. उंदरानं वायर खाल्ली होती, पण डॉक्टरांचा फोन आला तो "तुमच्या माणसानं हात लावला आणि मशीन गेलं" असा.

मालकानं मला समोर बसवून धंद्याचा पहिला नियम सांगितला. ज्यानं शेवटचा हात लावला, मशीन त्यानं बिघडवलं. म्हणून बंद पडल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही. मला हे पटलं नाही, पण वरिष्ठाचा हुकूम म्हणून मी होय म्हणालो. होय म्हणून पुन्हा आपल्याच मनासारखं कसं करायचं, हेही फौजेतच शिकायला मिळतं.

पावसाळा सरला, घट बसले. तुळजापूरच्या वाटेनं अनवाणी माणसांची रीघ लागली. मालक रोज थोडा थोडा आनंदी होत चालला होता. नवीन पिना, केबल, पॅनेलची बटणं यांचं खोकं मागवून त्यानं फडताळात लावून ठेवलं. मी विचारलं, एवढं सामान कशाला? तो मिशीत हसला.

"खंडेनवमी झाली की आपली सुगी," तो म्हणाला. "बघालच तुमी."

मग त्यानं उलगडून सांगितलं. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर-विळे पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, शिंपी शिवणयंत्र पुजतो. तसे दवाखान्यातले लोक मशिनी पुजतात. आणि आपली माणसं हात राखून पूजा करत नाहीत. बटणांवर हळद-कुंकू, फटींमध्ये तांदूळ, वरून फुलांचा ओला हार, आणि मशीनसमोर नारळ फोडला की पहिलं पाणी मशीनला. दसऱ्याला सोनं वाटून होतं, आणि एकादशीच्या सकाळपासून आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. परांड्यापासून उमरग्यापर्यंत मशिनी मान टाकतात. मालकाचं निम्मं वर्ष या आठवड्यावर निघायचं.

माझं डोकंच तापलं. एक तर चांगल्या मशीनची अशी गत, आणि वर तिची वाट बघत बसलेला मालक. फौजेतही पूजा व्हायची, चांगली थाटात व्हायची. पण आमच्या युनिटच्या जुन्या सुभेदारसाहेबांनी रडारच्या कपाटाला एक पितळेचा पत्रा लावून घेतला होता. टिळा, फूल, अक्षता, जे काय वाहायचं ते त्या पत्र्यावर. नारळ बाहेर, दगडावर. पंडितजींनाही ते मान्य होतं आणि रडारलाही. तेच इथं करायचं, असं मी ठरवलं. मालकाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि मग आणखी एक हुकूम मोडावा लागला असता.

पत्र्याच्या दुकानातून कातरणं आणली, कडा घासून घेतल्या, वर भोकं पाडून दोरा ओवला. बायकोनं प्रत्येकावर हळदीचं स्वस्तिक काढून दिलं. तिला वाटलं, कंपनीचं काम आहे. मग कामाच्या निमित्तानं जिथं जिथं गेलो तिथं मशीनच्या गळ्यात एकेक पत्रा अडकवत सुटलो, आणि जिथं काम नव्हतं तिथंही वाट वाकडी करून गेलो.

सगळीकडं लोकांनी हसून घेतलं, पण सोनारीच्या अलीकडं एका हाडाच्या दवाखान्यात मी अडलो. डॉक्टरीणबाई आत पेशंट बघत होत्या आणि बाहेर एक्स-रेच्या खोलीची झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला दारातच धरलं. त्यांच्या मते मशीन म्हणजे दवाखान्याची लक्ष्मी, आणि लक्ष्मीच्या कपाळाला कुंकू न लावता ते पत्र्याला लावायचं म्हणजे अपमान. कंपाउंडरही त्यांच्या बाजूनं झाला. मी विचारलं, मावशी, मशीनचं कपाळ कुठलं? यावर दोघांचीच जुंपली. कंपाउंडर म्हणे, बटणांचं पॅनेल हेच कपाळ. मावशी म्हणे, छे, ते तर तोंड, तिथनंच आवाज येतो. बाहेर हात गळ्यात बांधून बसलेल्या एका पेशंटानंही आपलं मत दिलं. मी मधे पत्रा हातात घेऊन उभा.

शेवटी मावशींनीच तोड काढली. त्यांनी पत्रा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"पोळ्याला बैलाच्या डोळ्यात न्हाय घालत कुणी कुकू," त्या कंपाउंडरला म्हणाल्या. "कपाळ म्हणून ह्योच बांधू. पर नारळ म्या हितंच फोडणार."

मी नारळासाठी बरीच घासाघीस केली. दारापर्यंत आणला, उंबऱ्यावर मिटवलं. पेशंट म्हणाला, झालं का, आता माझा फोटो काढा.

खंडेनवमीच्या दिवशी माझ्या मोबाइलवर फोटोंचा पाऊस पडला. कुणी पत्र्यावर रांगोळीसारखं कुंकू भरलं होतं, कुणी पत्र्यालाच छोटा हार घातला होता, एकानं पत्र्यावर कुंकवानं नाक आणि नथ रेखाटली होती. मी एकेक फोटो बायकोला दाखवत होतो. इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

एकादशीला मी लवकर दुकानात गेलो. मालक आंघोळ करून, कपाळाला गंध लावून फोनसमोर बसला होता. फोन वाजला नाही. दुपारी एकदाच वाजला, तो त्याच्या मेहुण्याचा होता. दुसऱ्या दिवशी दोन आले, दोन्ही अशा दवाखान्यांतून जिथं मी पोचलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी मालकानं फोन उचलून कानाला लावून पाहिला, की बंद तर नाही पडला. मग कुणीतरी त्याला पत्र्याचा फोटो पाठवला, खाली माझे आभार मानून.

मला वाटत होतं, शाबासकी मिळेल. फौजेत तसंच असतं. मशीन बंद पडलं नाही म्हणजे माणूस चांगला. महिनाभर एकही बिघाड नाही, तर युनिटचे मोठे साहेब, सीओसाहेब, चहाला बोलावतात. इथं बिघाड नाही म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे पगार कुठून, हे माझ्या टाळक्यात तोवर शिरलंच नव्हतं. इतकी वर्षं पगार आभाळातून पडत होता.

मालक ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं. तो नुसता फडताळातल्या नव्या सामानाकडं बघत राहिला.

"फौजी, तुमी माणूस लई चांगले," तो म्हणाला. "पर माझी सुगी बुडवली तुमी. दिवाळीनंतर न्हाय परवडायचं मला."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. घरी सांगताना मी आवाज साधा ठेवला. बायकोनं पुण्याला वडिलांच्या ओळखीच्या माणसाला फोन करू का, एवढंच विचारलं. मुलगी भिंतीला टेकून वाचत बसली होती. तिनं वर बघितलं, परत पुस्तकात डोकं घातलं, आणि नंतर बराच वेळ पान उलटलं नाही. मला त्या वेळी त्या सगळ्या पत्र्यांचा राग आला. कुणी सांगितलं होतं मला लोकांच्या मशिनी वाचवायला, स्वतःच्या पोरीची शाळा वाचवता येत नसताना?

दिवाळीच्या आधी दुकानात झाडलोट चालली होती, आणि मी माझी पिशवी आवरत होतो. सोनारीजवळच्या त्या हाडाच्या डॉक्टरीणबाई बार्शीला खरेदीला निघाल्या होत्या, त्या वाट वाकडी करून आमच्याकडं आल्या. मला वाटलं मशीन गेलं. पण त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. दरवर्षी दसऱ्यानंतर त्यांचं मशीन बंद असायचं आणि त्या आठवड्यात मोडलेले हातपाय बार्शीला पाठवावे लागायचे. यंदा एकही पाठवावा लागला नाही. त्या मालकाला म्हणाल्या, ह्यांना महिन्यातून एकदा पाठवा, मशीन चांगलं असतानाच, आणि त्याचे वर्षाचे पैसे आधीच घ्या.

मालकानं दोनदा विचारलं, मशीन चांगलं असताना? बाई म्हणाल्या, होय. पैसे आधी? होय.

त्या गेल्यावर तो गल्ल्याच्या खुर्चीत बसून बोटांवर दवाखाने मोजायला लागला. मग त्यानं एका डॉक्टरांना फोन लावला, मग दुसऱ्याला. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी "तो हात लावणारा फौजी नको" म्हणून साफ नाही सांगितलं. पण तिघं-चौघं हो म्हणाले. संध्याकाळी मालक म्हणाला, पुढच्या दिवाळीपर्यंत बघू. मी म्हणालो, बघू. ट्रॅक्टरच्या पार्टांतून वर आलेला माणूस तो. पैसा कुठल्या दारानं येतो याच्याशी त्याचं भांडण नव्हतं, तो आला म्हणजे झालं.

मी मोटारसायकल घराकडं काढली तेव्हा उजेड होता. वाटेत पेढे घेतले. मुलगी एकटीच ओट्यावर बसली होती, आणि मी उतरायच्या आत तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, राहिलं काम.

"नक्की?"

"वर्षभर तरी नक्की. मग परत बघू."

तिला आनंद होईल, गळ्यात पडेल, निदान पेढा तरी खाईल असं मला वाटलं होतं. ती उठली, आत जाऊन चप्पल घालून आली आणि सायकलचं स्टँड काढलं.

"कुठं निघालीस?"

"मैत्रिणीकडं," ती म्हणाली. मग मला कळत नाही असं बघून तिनं समजावून सांगितलं. त्या मैत्रिणीनं दसऱ्याच्या आधी वर्गात सगळ्यांसमोर हिच्या हिंदी मिसळलेल्या मराठीची नक्कल केली होती. हिला फार लागलं होतं. पण ही गप्प राहिली.

"जायचंच असलं तर कशाला भांडायचं, पप्पा? प्रत्येक शाळेत मी असंच सोडून दिलं." तिनं पेडलवर पाय ठेवला. "आता राहायचंय ना. आता सोडणार नाही मी तिला."

ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. प्रत्येक शाळेतल्या बाई सांगायच्या, तुमची मुलगी फार गुणी, कुणाशी तंटा नाही. मी ते ऐकून छाती फुगवून घरी यायचो.

बायको आतून पदराला हात पुसत आली. दिवेलागणीच्या वेळी पोरगी कुठं गेली, असं तिनं विचारलं.

"भांडायला गेलीय," मी म्हणालो, आणि पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं धरला.